टाकी कापली तेव्हा

शुक्रवारी रंगाची चाचणी, असं बंदराचा तपासनीस लिहून देऊन गेला. नावेतल्या मैल्याच्या टाकीत लाल रंगाचं पाणी भरायचं. खाली अंथरलेल्या फडक्यावर एक थेंब जरी उमटला, तरी नाव पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यात कुणी राहायचं नाही. धाकटीने तो कागद दोनदा वाचला आणि नावेतल्या संडासातल्या खिळ्याला अडकवून टाकला. त्याची जागा तीच होती.

शिडाची ती नाव बाबांनी बांधलेली. ते गेल्यापासून नऊ वर्षं धाकटी तिच्यातच राहत होती. झोपायच्या फळीखाली मैल्याची स्टीलची टाकी, तीही त्यांच्याच हातची. थोरल्या बहिणीला हे असं राहणं कधी पटलंच नव्हतं. कागदाची बातमी कळली तशी ती रिकामी बॅग घेऊनच धक्क्यावर आली. मागची खोली झाडून ठेवलीय, पन्नाशीला आलीस, आता तरी माणसासारखी घरात राहा, असं तिने एका दमात ऐकवलं. धाकटी म्हणाली, चहा घेणार असशील तर बस, नाहीतर पायरी सांभाळून उतर.

तेवढ्यात वेल्डर आला. टाकीला आजवर तीन ठिगळं त्यानेच लावली होती. फळी उचलून तो पोटावर आडवा झाला आणि बॅटरीच्या उजेडात जोडांवरून नख फिरवत राहिला. चौथं ठिगळ लावायला त्याने साफ नकार दिला. इथे बुजवलं की तिथे फुटणार, जोड आतूनच खाल्ले गेलेत. मग त्याने विचारलं, ही धुता कशाने?

धाकटीची मान ताठ झाली. दर एक तारखेला ब्लीचच्या दोन बाटल्या ओतून दिवसभर तसंच ठेवायचं. बाबांनी घालून दिलेला नेम. नऊ वर्षांत एकदाही चुकवला नव्हता, अंगात ताप असतानासुद्धा.

वेल्डर उठून बसला. हात पुसायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला.

"ताई, स्टील झालं तरी ब्लीच सोसत नाही. त्यात हे खारं पाणी. तुम्ही जितकी जपलीत, तितकी ती झिजली."

थोरली हसली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबांचा शब्द म्हणजे तुला काळ्या दगडावरची रेघ."

धाकटीने मोजपट्टी काढली. नवी प्लॅस्टिकची टाकी दारातून आत जाणार होती, पण जुनी निघणार कशी? ती दारापेक्षा दोन बोटं रुंद भरली. बाबांनी आधी टाकी ठेवली होती आणि मग तिच्याभोवती केबिन बांधली होती.

"कापायची," धाकटी म्हणाली.

"अगं, बाबांच्या हातची आहे ती."

"केबिनपण त्यांच्याच हातची आहे. दोन्हींतलं एक जाणार. मी केबिनमध्ये राहते, टाकीत नाही."

ग्राइंडर लावायला वेल्डरने बंदी केली. आत साठलेल्या वायूला एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी उपसली, चार वेळा धुतली, आणि मग साधी लोखंड कापायची करवत. सोमवारी एक बाजू झाली. मंगळवारी दोन पाती मोडली. थोरली रोज यायची, नाकाला रुमाल लावून बाकावर बसायची आणि मागची खोली किती हवेशीर आहे ते सांगायची. बुधवारी पत्र्याचं थरथरणं तिला ऐकवेना. उठून तिने पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"हे तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

दुपारी टाकीचे दोन तुकडे झाले. आतल्या जोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. नऊ वर्षांच्या एक तारखा तिथे ओळीने बसल्या होत्या. धाकटीने त्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि दोन्ही तुकडे स्वतःच धक्क्यावर नेऊन टाकले.

गुरुवारी नवी टाकी बसली, प्रत्येक नळीला दोन-दोन क्लिपा आवळून.

शुक्रवारी तपासनिसाने लाल पाणी ओतलं. अर्ध्या तासाने फडकं पांढरंच होतं. त्याने पेन काढलं.

"इतक्यात नको," धाकटी म्हणाली. "उभ्या नावेत काय दिसणार? जुनी गळायची ती नाव कलली की. ताई, चल."

दोघी बहिणी डाव्या काठावर उभ्या राहिल्या, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. नाव चांगलीच हेलकावायला लागली. तपासनीस खांबाला धरून, पुरे हो, पुरे, म्हणत राहिला. धाकटीने त्याला फळीखाली वाकून बघायला लावलं, तेव्हाच थांबली. फडक्यावर थेंब नव्हता.

त्याने सही केली. टाकी कशाने धुणार, असा एक रकाना राहिला होता.

"साधं पाणी लिहा," ती म्हणाली. "आणि नेम कुणी घालून दिला असं विचारलंच कुणी, तर मी."

थोरली निघाली तेव्हा बॅग रिकामी नव्हती. मोरीतल्या ब्लीचच्या दोन भरलेल्या बाटल्या तिने न विचारता आत टाकल्या होत्या.

"मागच्या खोलीत ठेवते," पायरी सांभाळून उतरत ती म्हणाली. "तशीही ती रिकामीच राहणार आहे."