निळ्या चिंधीची जागा

मित्रांनो, मी एक जुना दोरखंड आहे. मनगटाएवढा जाड, आणि अंगाला अजून डांबराचा वास. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हॉलबी गावात, तिथल्या दोरखान्यात मला वळले. पहिल्या महायुद्धात या गावाने आपल्याच माणसांचे तोफदळ उभे केले. तोफ भारी अवजड. घोडे थकले की वीस जणांनी मला धरून ती ओढायची. निघताना गावच्या बायकांनी माझ्यावर वीस रंगीत चिंध्या बांधल्या. ज्याची चिंधी, त्याची जागा.

फ्रान्सच्या चिखलात मी खूप राबलो. साहेबलोक माझे कौतुक करत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे. मग त्या वीस जणांतला एनॉक मारला गेला. त्याच्या निळ्या चिंधीवर कोणी हात ठेवेना. मलाही ते बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पाहता पाहता सात जागा रिकाम्या झाल्या. उरलेल्या तेरा जणांचे तळहात सोलून निघाले. बदलीवर परगावची सात माणसे आली, पण त्यांना कोणी मला धरू देईना.

एका सकाळी तोफ रुतली आणि शत्रूचे गोळे जवळजवळ पडू लागले. तेरा जणांनी जीव तोडून ओढले, तरी ती तसूभर हलेना.

“मी कुठं धरू?” लंडनच्या सिरिलने विचारले.

“निळ्यावर नको. ती एनॉकची जागा आहे,” सार्जंट ब्लेकी म्हणाले.

“मग काय आभाळ धरू?”

सगळ्यांनी रूबेनकडे पाहिले. तो एनॉकचा थोरला भाऊ.

“धर रे बाबा,” तो म्हणाला. “आमचा एनॉक असता ना, तर कधीच ओरडला असता, ‘बघत काय बसलात, टोणग्यांनो? ओढा!’”

सिरिलने निळी चिंधी मुठीत घेतली. बाकीचे सहाही धावले. माझा पीळ न् पीळ करकरला, पण मी तुटलो नाही. तोफ निघाली. आम्ही वळण ओलांडले, तोच मागच्या खड्ड्यात गोळा फुटला. त्या दुपारी वीसच्या वीस जण जेवायला बसले, आणि रूबेन सिरिलच्या शेजारी बसून पोटभर रडला.

आता मी हॉलबीच्या सभागृहात काचेच्या कपाटात आहे. ओल लागून माझे धागे कुजत चालले आहेत. मला अधूनमधून ऊन दाखवा. आणि मित्रांनो, गेलेल्या माणसाची आठवण जिवापाड जपा, पण त्याची जागा अडवून ठेवू नका. तिथे उभे राहायला कोणीतरी आलेले असते.