दाखवण्यापुरतं तिकीट

विमानतळावर काउंटरमागच्या मुलीने पासपोर्ट चाळला आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, परतीचं तिकीट?"

"काढलं नाही. बहिणीकडे चाललेय."

"पण परत कधी येणार?"

खरं उत्तर असं होतं, की धाकटीला परत यायचंच नव्हतं. नवरा गेल्यापासून घरात आवाज म्हणून काय तो फ्रिजचा. शिवणाचं दुकान तिने बंद केलं होतं, मशीन शेजारणीला देऊन टाकलं होतं. थोरली कित्येक वर्षं फोनवर एकच पालुपद लावत होती, "ये गं माझ्याकडे. दोघी मिळून म्हाताऱ्या होऊ." तिकडे सहा महिने राहायची परवानगी होती, मग पुढचं पुढे. फोनवर माणूस काहीही बोलतं म्हणा. तेच वाक्य थोरली समोर बसून म्हणाली, की धाकटी राहणार होती.

"पुढचं तिकीट नसलं तर तिथले लोक दारातूनच परत पाठवतात," मुलगी म्हणाली, "आणि दंड आमच्या माथी. परतीचं दाखवा, नाहीतर तिथून दुसऱ्या एखाद्या देशाचं."

"दुसऱ्या देशात कोण बसलंय माझं?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. शेवटी मुलीनेच तोडगा काढला. रद्द करता येणारं तिकीट. चेक-इन व्हायच्या आत रद्द केलं की पैसे परत. "तारीख कुठली टाकू?"

"टाक गं कुठलीही."

मुलीने पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार टाकला.

तिकडच्या अधिकाऱ्याने तो कागद पाहून शिक्का मारला. कागदाचं काम तिथेच संपलं होतं, पण धाकटी पडली शिंपीण. चिंधीसुद्धा टाकायची नाही. कागद पासपोर्टात राहिला आणि घरी पोहोचताच थोरलीने पासपोर्ट मागून घेतला. "दे इकडे. तू हरवशील."

कपाटापाशी उभ्या उभ्याच तिने तारीख वाचली. "ठमे, पुढच्याच महिन्यात परत? पाहुणी म्हणून आलीस होय?"

'नुसता दाखवायला आहे गं तो,' एवढंच धाकटीला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण थोरलीच्या मागे तिची चिमुकली बैठकीची खोली दिसत होती. भाऊजी आपलं टेबल भिंतीकडे सरकवून पाहुणीच्या पलंगाला जागा करत होते. आत्ता बोलले तर बिचारीला भिडेखातर 'राहा' म्हणावं लागेल. तिने आपणहून म्हणावं.

"बघू," धाकटी म्हणाली. "दुकान आहे ना."

झालं. हिला आपल्यापेक्षा दुकान जवळचं, हे थोरलीने मनाशी पक्कं केलं. लहानपणी हिला फार दाबात ठेवलं, आता तरी हिच्या मनासारखं होऊ द्यावं, असंही ठरवलं. मग तिने रजा काढली, ठेवणीतले कप काढले, संग्रहालय दाखवलं, तळं दाखवलं. धाकटीने भांड्यांना हात लावला की, "ठेव ते. चार दिवस आलीयस, बस निवांत." पडद्याची उसवलेली शिवण घातली तर तीही हातातून काढून घेतली.

"मेहुणीबाई," भाऊजी चहा पिता पिता म्हणाले, "हे कप बघून घेतो. तुम्ही गेलात की आम्ही परत कान तुटलेल्यावर."

धाकटी हसली. 'तुम्ही गेलात की' तेवढं मात्र रात्रभर टोचलं.

तळ्याकाठच्या बाकावर तिने एकदा धीर केला. "ताई, मी तिकडचं सगळं..."

"कळतंय मला," थोरली म्हणाली. "जीव तिकडे लागलाय. मी अडवणार नाही हो."

तिकिटाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी मात्र धाकटीने ठरवलं, आज जेवताना सांगायचंच. ताटं मांडली आणि थोरली आतून फोन घेऊन आली. डोळे लाल होते.

"चेक-इन करून टाकलं तुझं. झगडून खिडकीची जागा मिळवली. तुला खिडकी लागते ना."

"आता... बदलता येतं का गं?"

"का? खिडकी पंखावर येतेय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "खिडकी छान आहे."

पैसे बुडाले असते तर बुडाले असते. पण बहिणीने आपल्या हाताने पाठवणी केली, त्यावर काय बोलायचं?

विमानतळावर बॅग पुढे गेली. दोरीपाशी थोरलीने धाकटीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "पुढच्या वेळी परतीचं तिकीट न काढता ये."

"तसं विमानात बसू देत नाहीत, ताई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. "कुठलीतरी तारीख टाकायलाच लावतात."

मागून रांगेने रेटलं आणि ती काचेच्या दारातून आत गेली.

भाऊजी किल्ली काढून चालायला लागले होते. थोरली जागची हलली नाही.

"काय म्हणाली हो ती? कुठलीतरी तारीख?"

"असंच काहीतरी. चल."

"थांबा जरा."

तिने फोन लावला. धाकटीचा फोन तेव्हा तिच्या चपलांशेजारी, ट्रेमधून तपासणीच्या यंत्रात शिरत होता.