माझ्यापुढं नारळ फुटला

मारुतीची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. आता मी पडले कादंबरी, म्हणजे माझ्या पोटात तीनशे पानं निव्वळ थापाच हायेत, ते सोडा. पण हे पोटाबाहेरचं हाय. ह्यात थापा कमी.

माझं नाव 'उंबऱ्याबाहेरचा घोडा'. मी ठेवलेलं न्हाई. माझ्यात मंजुषा नावाची बाई हाय. एक दिवस तिच्या दारात घोडा येऊन उभा राहतो. कुणाचा, कुठला, पत्ता न्हाई. ती घोड्यावर बसून निघून जाती का घरातच राहती, एवढं ठरवायला लेखकानं तीनशे पानं घेतली. त्याला घाई नव्हती.

छापखान्यातून निघाले तवा मला वाटलं, आता लोक रडतील, हसतील, उशाशी घेतील. पहिल्या मालकानं मला कुणाला तरी वाढदिवसाला दिलं. ज्याला दिलं त्यानं मला कूलरच्या पायाखाली सारलं. माझ्यामुळं तो कूलर हालायचा बंद झाला. माणसाच्या उपयोगी पडले म्हणून मी पण गप बसले.

मग रद्दीत गेले, अन् रद्दीतून चौसाळ्याच्या बाजारात, एका भज्याच्या गाड्यावर. माझ्या वरचं गणिताचं पुस्तक माझ्या डोळ्यांदेखत पान पान करून भज्याखाली गेलं. माझा नंबर लागणार, तेवढ्यात एक म्हातारी समोर आली. तिनं मला उचललं अन् आधी शेवटचं पान हाय का ते बघितलं.

"मावशी, भजी घ्या. कागद फुकट हाय," भजीवाला म्हणला.

"मला कागद पायजे. भजी दे फुकट."

ही चंद्रभागाबाई. युसूफ वडगावच्या पलीकडं एका गावात राहती. शाळा चौथीपर्यंत, अन् तिथनं पुढं सगळा जन्म ऊसतोडीत. दिवाळी झाली की बायका भांडीकुंडी ट्रकात टाकायच्या, ही पिठाच्या डब्यात कादंबरी टाकायची. भिजू नये म्हणून. तिच्या सगळ्या कादंबऱ्यांत पीठ हाय, अन् एकदा भाकरीत अख्खं पान निघालं, ते नवऱ्यानं मुकाट्यानं बाजूला काढून तिला वाचायला दिलं. दुपारच्याला बैलगाडीच्या सावलीत ती मोठ्यानं वाचायची अन् फडातल्या बायका मोळ्यांवर बसून ऐकायच्या. दरोडेखोर शेवटी मास्तर होतो ती एक तिची लई आवडती. दुसरी, सासूला इख घालतात ती. ती तिनं तीनदा वाचली. सासू जित्ती होती तवर.

तिला कुणीतरी इचारलं होतं, एवढं वाचून काय मिळतं? ती म्हणली, "ऊस एकच. दिवसभर तोडला तरी ऊसच. माणूस मातर दर पानावर नवा."

माझ्यापाशी येईस्तोवर तिचे डोळे थकले होते. मला नाकाला लावून ती रोज थोडं थोडं वाचायची. शेवटचा एक अध्याय राहिला, अन् अक्षरं गेली. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणला, पिकलाय, आता लांबवलं तर डोळा हातचा जाईल. श्रावण संपताना डोळ्याच्या शिबिराची गाडी गावात येणार होती. म्हातारीचं नाव त्यात लागलं होतं.

"आत्या, पिशवी भरून ठेवते," सून रोहिणी म्हणली.

"मंजुषा घोड्यावर बसली का न्हाई, हे कळल्याबिगर मी कुठं जात न्हाई."

"दिसायला लागल्यावर वाचा की!"

"अन् न्हाई दिसलं तर?"

मग रोहिणीच वाचून दाखवायला लागली. ती मला घेऊन बसायची, पण दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली बाई. तिसऱ्या ओळीला तिचं डोकं माझ्यावर. तिच्या डोक्याला तेलाचा वास लई चांगला होता, तेवढंच.

त्यात पत्रा गळायला लागला. रोहिणीनं मला लाल फडक्यात गुंडाळलं अन् देवघराच्या फळीवर ठेवलं. तिथं आधीच एक लाल गाठोडं होतं. ती गावाची पोथी. दर श्रावणात ती मारुतीच्या देवळात लावायची अन् एरवी ह्याच घरात ठेवायची, अशी रीत.

भागवत पोथी न्यायला आला. हा देवळात पोथी वाचतो. त्यानं पाया पडून गाठोडं डोक्यावर घेतलं अन् गेला. गाठोडं मी होते.

देवळात मला चौरंगावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, भोंगा चालू झाला. मग भागवतनं फडकं सोडलं. माझ्या तोंडावर घोड्याचं चित्र हाय. भागवत चित्राकडं बघत बसला. सगळं गाव हात जोडून भागवतकडं बघत बसलं.

"धुळाजी तात्या," तो हळूच म्हणला, "ही आपली पोथी न्हाई."

धुळाजी म्हणजे अर्थ सांगणारा. पोथीला एक वाचणारा लागतो अन् एक अर्थ सांगणारा. धुळाजीनं नारळाकडं बघितलं.

"फुटला. आता उठवता येत न्हाई. लावलेली पोथी पुरी करावी लागती. वाच."

भागवतनं घसा साफ केला अन् पोथीच्या चालीवर सुरू केलं, "मंजुषाआनं दाऽर लावलं."

"म्हंजे काय?" धुळाजी म्हणला. त्यानं डोळे मिटले, लई इचार केला. "म्हंजे मंजुषानं दार लावलं."

बायांनी माना डोलावल्या.

तिकडं घरात भोंगा ऐकून चंद्रभागाबाई खाटेवर उठून बसली, हे मला मागनं कळलं. "रोहिणी! आगं, मारुतीपुढं घोडाच लावलाय की!"

रोहिणीनं फळीवर बघितलं अन् कपाळाला हात लावला. ती मला आणायला निघाली, तर म्हातारीनं तिचा पदर धरला. "बस खाली. फुकट वाचतायत, वाचू दे."

श्रावणभर रोज सांजच्याला गाव देवळात. रानात औत थांबवून इचारणं सुरू झालं, बसंल का ती? बायांचं म्हणणं, बसंल. गड्यांचं म्हणणं, घर सोडून कशाला जाईल? त्यावरून दोन घरांत अबोला झाला. कुणीतरी देवळापुढं भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी ठेवली. घोड्यासाठी. ती रोज रिकामी व्हायची, हे मी डोळ्यानं बघितलंय. शेळी होती म्हणा.

अन् गाडी नेमकी समाप्तीच्या दिवशी आली. सकाळीच. शेवटचा अध्याय सांजचा.

"मावशी, बसा लवकर, पेशंट खोळंबलेत," डायव्हर म्हणला.

चंद्रभागाबाई गाडीच्या पुढनं चालत, भिंत चाचपत देवळात गेली अन् पायरीवर बसली. आत भागवत अन् धुळाजी समाप्तीची मांडामांड करत होते. मागनं रोहिणी पिशवी घेऊन. ती रडत होती. "आत्या, डोळा जाईल. चला हो."

"भागवत, उघड."

"काकू, समाप्ती सांजची असती."

"सकाळी कुणी केली न्हाई आजवर," धुळाजी म्हणला.

"अन् पोथी म्हणून कादंबरी तरी आजवर कवा लावली होती रे, धुळाजी?"

धुळाजीनं उपरणं झटकलं. त्यानं भागवतला खूण केली. भोंगा लागला, तशी रानातली माणसं धावत आली. डायव्हरनं गाडी बंद केली अन् चप्पल काढून मागं बसला.

भागवतनं वाचलं. चाल लावली न्हाई, साधं वाचलं. मंजुषा उंबरा ओलांडून बाहेर येती. घोड्याच्या मानेवर हात ठेवती. बसत न्हाई. लगाम धरती अन् त्याच्या शेजारनं चालत गावाबाहेर निघून जाती. संपलं.

सगळं गाव धुळाजीकडं बघायला लागलं. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "ह्याचा अर्थ मला न्हाई सांगता येत," तो म्हणला.

चंद्रभागाबाईचे गाल ओले. मग म्हणली, "एवढा घोडा दारात असून चालत कोण जातं? येडी कुठली."

अन् उठली. रोहिणीचा हात तिनं धरला न्हाई. चाचपत गाडीपाशी गेली, दांडा सापडला, चढली. खिडकीतनं ओरडली, "मी येईस्तोवर दुसरी आणून ठेवा. डोळे उघडल्या उघडल्या मला वाचायला पायजे!"

गाडी गेली. रोहिणी धुरळा खाली बसेस्तोवर उभी होती.

मी अजून चौरंगावरच हाय. अंगभर हळद, पानापानांत तांदूळ, कूलरच्या पायानं दबलेली जागा कुंकवानं झाकलीय. मला काही मागायचं न्हाई. पण दुसरी कुणीच आणली न्हाई, अन् गाडी उद्या परत येती.

तुमी शेवटपर्यंत बसून ऐकलंत. आता आरतीचं ताट तुमच्यापुढं आलंय. पाकीट ठेवा खिशात. घरी कपाटात तुमी न उघडलेली एक कादंबरी हाय, मला ठावं हाय. ती टाका ताटात. शेवटचं पान तपासून टाका, म्हातारी आधी तेच बघती.

काढा.