डोंगरावर अडकलेलं झाकण

मी कूजा बोलतोय. तुम्ही मला फिरकीचा तांब्या म्हणाल, पण माझा जन्म कुंभकोणमचा आणि तिथे मला कूजाच म्हणतात. पोट सुटलेलं, मान आखूड, डोक्यावर आट्यांचं झाकण आणि धरायला वर एक कडी. रूप बघायचं असेल तर चिंचेनं घासल्यावर बघावं, एरवी नको.

चंद्रमौळी नावाच्या तांबटानं मला घडवलं. ठोकून ठोकून गोल केलं, आतून कल्हई केली आणि दुकानात टांगलं. तिथून पद्मनाभरावांनी मला उचललं, लेकीच्या लग्नात द्यायला. लेक म्हणजे अलमेलु. नाव तमिळ, पण घर मराठी. मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलेली ही माणसं. बाजारात तमिळ बोलतात आणि उंबरठ्याच्या आत मराठी, तीही इतकी जुनी की पुण्याचा पाहुणा आधी हसतो आणि मग कान देऊन ऐकत बसतो.

अलमेलुच्या सासूबाई, सरस्वतीबाई, सोवळ्याच्या फार कडक. घराबाहेर परक्या हातचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा नेम त्यांनी सुनेच्या गळ्यात बांधला. सासू गेली, नेम राहिला. मग काय, अलमेलु जिथे जाईल तिथे मी. तिरुनीलक्कुडीचं देऊळ म्हणू नका, तिरुपती म्हणू नका, रामेश्वर म्हणू नका. आगगाडीत कुणी पाणी पुढे केलं की ती गोड हसायची आणि माझं झाकण फिरवायची. मलाही तोरा होता. सगळ्या जगात तिची तहान फक्त मला भागवता येते, असा.

पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले आणि प्रवास थांबला. मी माळ्यावर गेलो. वर्षानुवर्षं कुणी विचारलं नाही. काळवंडलो, पालींना आडोसा झालो.

मग एक दिवस अलमेलुच्या लेकीचा, नंदिताचा, फोन आला. ती चीनमध्ये ग्वांगझौ नावाच्या अवाढव्य शहरात कापडाच्या कंपनीत नोकरीला. "आई, एकदां येऊन पाहून जा मज," म्हणाली. अलमेलुनं लगेच मला माळ्यावरून काढवलं. मुलगा मध्वेश आधी हसला, पण गुणाचा पोरगा. पिशवीत गळू नये म्हणून त्यानं माझ्या झाकणात रबराचा वायसर बसवून आणला. गळणं थांबलं खरं, पण पुढचं सगळं रामायण त्याच वायसरनं घडवलं.

विमानतळावर माझ्यातलं कावेरीचं पाणी ओतून टाकायला लावलं. अलमेलुचा चेहरा एवढासा झाला. पण तिनं तोडगा काढला. लेकीच्या घरी स्वतःच्या हातानं तापवलेलं पाणी म्हणजे घरचंच पाणी. सरि, म्हणजे बरं, ठरलं!

ग्वांगझौच्या बाहेर एक मोठा डोंगर आहे, बाइयुन. म्हणजे पांढऱ्या ढगांचा. हिरवागार, मधे बौद्धांचं देऊळ, उदबत्त्यांचा धूर, आणि वरून दिसणारं न संपणारं शहर. रविवारी तिथे जायचं ठरलं. अलमेलु पहाटे उठली, न्हाली, सोवळ्यात पाणी उकळलं आणि नंदिता पारोशी स्वयंपाकघरात शिरायच्या आत ते कढत कढतच माझ्यात ओतून झाकण गच्च आवळलं. एकदा झाकण बसलं की विटाळाची भीती नाही ना! बाईंचा हिशोब चोख होता. पण कढत पाणी वायसरखाली कोंडलं की निवताना झाकण आत ओढलं जातं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. मला कळत होतं, पण मला कोण विचारतो?

पायथ्याशी नंदितानं तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याची तिकिटं काढू म्हटलं. अलमेलुनं डोळे वटारले.

"देवाच्या डोंगराला लोंबकळत जातात काय गो? आपल्या स्वामिमलैची टेकडी मी चालूनच चढत होतें."

"आई, स्वामिमलै माणसांनी रचलेली. हा खरा डोंगर!"

ऐकेल तर ती अलमेलु कसली! गुडघ्यांची कुरकुर न जुमानता चढू लागली. वाटेत म्हातारेकोतारे भेटत होते, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कॅनमध्ये भरून खाली नेणारे. ते पाहून ती खूश. "ही आपल्यासारखींच माणसें की, पाण्याला मान देतात!" देवळापाशी पोचली तेव्हा पदर घामानं चिंब, ओठ सुकलेले. पायरीवर बसली, रोजच्या औषधाच्या गोळीसाठी पाणी घ्यायला माझं झाकण फिरवू लागली.

झाकण हलेना.

पुन्हा जोर लावला. नाही. नंदितानं ओढणी गुंडाळून पिळलं, दोन्ही गुडघ्यांत मला धरून पिळलं, शेवटी पायरीवर आपटलं. मला पोचा पडला, झाकण ढिम्म. अलमेलुची नजर फिरल्यासारखी झाली. नंदितानं स्वतःची विकतच्या पाण्याची बाटली पुढे केली.

"आई, हट्ट पोरुम, पुरे झाला! हें पी. इथें कोण पाहाया येतंय?"

"कोणी पाहावं म्हणून पाळतें काय मी? इतकीं वर्षें पाळलं, आज मोडूं?" आवाज कसाबसा निघत होता.

"तुज कांही झालं तर मी दादाला काय सांगूं?" नंदिता रडायलाच लागली.

आणि मी? पोटात गळ्यापर्यंत पाणी, आणि माझं माणूस माझ्याच शेजारी तहानेनं कोमेजत चाललेलं. इतकी वर्षं मिरवलेला तोरा त्या पायरीवर खळ्ळकन गळून पडला. वाटलं, मला कुणी फोडून टाका, पण तिला घोटभर द्या.

शेजारी एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं, आपला थर्मास उघडला, पेल्यात वाफाळता चहा ओतला आणि अलमेलुपुढे धरला. अलमेलुनं दोन्ही हातांनी पेला घेतला. नंदितानं डोळे मिटले. देव पावला म्हणायचा!

पण बाईंनी तो चहा सरळ माझ्या डोक्यावर ओतला.

आजीबाईंचा आ वासलेलाच राहिला. नंदिता किंचाळली. अलमेलु मात्र शांत. लोणच्याच्या बरण्या उघडण्यात जन्म गेलेली बाई ती. चटके सोसत तिनं पदरानं झाकण धरलं आणि फिरवलं. फुस्स! मी उघडलो.

देवाशपथ सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. तिनं तोंडात गोळी टाकली आणि वरून धार धरून गटागटा पाणी प्यायली. तोंडावर रंग आला. नंदिता आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, मग हसली. आजीबाई तर मांडीवर थापा मारून हसत होत्या.

मग अलमेलुनं त्यांचाच रिकामा पेला माझ्यातल्या पाण्यानं भरला. "चहा सांडला मी, हें तरी घ्या," मराठीतच म्हणाली. आजीबाईंनी एका दमात पाणी संपवलं, पुन्हा थर्मास उघडला, पुन्हा चहा ओतला आणि पुन्हा पेला पुढे केला.

अलमेलु पेल्याकडे बघत राहिली. नंदिता घाईनं म्हणाली, "राहूं दे आई, मी समजावून सांगतें तिज."

"काय समजावशील? तिनें माझं पाणी घेतलं. आतां तिचं नको म्हणाया मज तोंड आहे काय?"

चहा कढत होता, ओठ न लावता वरून तोंडात ओतता येण्यासारखा नव्हता. तिनं पेल्याला ओठ लावले. फुंकर मारत, सावकाश, तळापर्यंत प्यायली. त्या दोघी एकमेकींची भाषा न कळता एकमेकींचे हात धरून बसल्या, आणि मी बाजूला, उघडा, कुणालाच नको असलेला. वाईट वाटायला हवं होतं. पण मला हायसं वाटलं, अगदी आतून.

आता आम्ही कुंभकोणमला परत आलो आहोत. माझा पोचा तसाच आहे. मध्वेश काढून आणतो म्हणाला, अलमेलुनं नको म्हटलं. मी अजून तिच्याबरोबर जातो. तुमच्या घरीही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खाली काढा, घासा, हौसेनं बरोबर न्या. फक्त एकट्या त्याच्या भरवशावर कुणाची तहान टाकू नका. भांडंच आहोत आम्ही, कधीतरी अडकतो. त्या वेळी शेजारच्यानं पेला पुढे केला, तर तो घ्या.