लायलचं वाकडं भोक

हे मी लिहिणारच नव्हतो. लायल म्हणाला, "एक भोक नीट केलंस, त्यात लिहायचं काय?" पण राहवलं नाही.

आमच्या एल्कहार्ट गावात ज्याचा-त्याचा आजा वाद्यांच्या कारखान्यात होता. लायल होस्टेटलर मात्र ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरांच्या, कारखान्यात कपाटं बसवायचा. तिथल्याच करवतीने गेल्या हिवाळ्यात त्याच्या डाव्या अनामिकेचं टोक तिरकं उडवलं. जखम भरली, पण गावच्या बँडमधली त्याची क्लॅरिनेट अडली. त्या बोटाखालचं भोक पूर्ण झाकेना. हवा निसटायची, खालचे सगळे सूर मेलेले.

"विकून टाक," माझ्या टेबलावर ती ठेवत तो म्हणाला. "शनिवारी पार्कातल्या कार्यक्रमात बाकीचे वाजवतील, मी खुर्च्या मांडीन."

मी वाद्यं दुरुस्त करायला व्हिडिओ बघून शिकलेला. कोणी मला साधी शिट्टीसुद्धा दुरुस्तीला देत नव्हतं, तेव्हा यानेच ही क्लॅरिनेट पुढे केली होती. "खोल. बिघडली तर बिघडली." माझं दुकान त्या वाक्यावर उभं आहे.

पाहिलं तर भोकाच्या काठाचा टवका उडालेला. सापडलं! काळ्या लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरला, घासून काठ एकदम सपाट केला. लायलने फुंकलं.

फुस्स.

"डॉक्टर, ऑपरेशन झकास. पेशंट गेला."

"गप रे म्हाताऱ्या. बोट दे इकडे."

बोटाला खडू फासून भोकावर दाबलं. काठावर पांढरी अर्धी कोर उमटली, उरलेला काठ काळाच. काठ सरळ होता, बोट तिरकं.

"आता काय, बोट बदलतोस?"

"नाही. भोक वाकडं करतो."

शिकलेला कारागीर हे करणार नाही. जिकडे खडू लागला नव्हता, त्या बाजूने मी काठ चढवत गेलो. थोडा भुसा, थोडा गोंद, कानस, पुन्हा खडू. शेवटी पांढरं कडं पूर्ण उमटलं.

लायलने फुंकलं. जाड, खालचा सूर आला. डबीतले स्क्रू थरथरले. तो थांबेचना. मग बाहीने तोंड पुसलं, डोळेही.

"शनिवारी खुर्च्या तू मांड," म्हणाला.

मांडल्या. कार्यक्रमानंतर गोळा करताना तो जवळ आला.

"माझ्यानंतर ही एखाद्या पोरीला दे. तिची बोटं धड असतील. तेव्हा ते भोक सरळ कर."

"करीन," मी म्हणालो. "पण तोवर त्याला कानस लावणार नाही. शब्द देतो."