थंडगार केबिनमधले साहेब

अण्णांच्या खोलीचं दार उघडलं की आधी वास अंगावर यायचा. घामाचा, मलमाचा, ओल्या गादीचा, सगळा मिळून एक आंबूस दर्प. नाकाला रुमाल लावल्याशिवाय आत पाऊल टाकवत नसे. आणि ही खोली काही पडक्या खोपटातली नव्हती. इमारत नवीकोरी होती. दारात गुळगुळीत दगडाची फरशी, लिफ्टमध्ये आरसा, आणि दर्शनी भिंतीवर हिरवं पान काढून लिहिलेलं, ‘वीज वाचवणारी इमारत’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

अण्णा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. वाचा गेलेली, त्यामुळे उकडतंय म्हणून सांगायचीही सोय नाही. शेवटचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. दिवेलागणीनंतरही छत तव्यासारखं तापलेलं असायचं. एसी अखंड घरघरायचा, विजेचं बिल पाहून सून कपाळाला हात लावायची, आणि इकडे म्हाताऱ्याची पाठ घामात भिजून भिजून सोलवटली होती. तिथे जखमा झाल्या होत्या आणि जखमांत पू धरला होता.

आणि मंडळी, ही इमारत अण्णांच्या मुलानंच उभी केली होती! मालक दुसरा, पण साईटवरचा इंजिनियर हा. मालकानं सवलतीत फ्लॅट दिला, तेव्हा यानं साऱ्या गोतावळ्याचं तोंड गोड केलं होतं.

“मोठा एसी बसवून टाकू,” तो बायकोला म्हणाला.

“आधीचा काय झोपा काढतोय?” बायको उखडली. “छप्पर तापतंय, त्याचं बघा की! इंजिनियर ना तुम्ही?”

“छप्पर सगळ्यांचंच तापतं. उन्हाला काय मी सांगू, इकडे येऊ नकोस म्हणून?”

मोठा एसी आला. बिल वाढलं, जखमाही वाढल्या.

त्याची थोरली बहीण इस्पितळात मुख्य परिचारिका होती. अख्खा वॉर्ड तिला ताई म्हणे आणि तिच्या धाकात असे. तिनं डॉक्टरांना घरी आणून अण्णांना दाखवलं, आणि ते गेल्यावर ती तडक भावाच्या नव्या साईटवर निघाली. फोनवर हा माणूस ‘बघतो, बघतो’ म्हणून टोलवतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

भर दुपार होती. सिमेंटची धूळ घशात जात होती, लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. कोपऱ्यात इंजिनियरची पत्र्याची केबिन. ताई आत शिरली आणि थबकली.

“बाळ्या, किती गार आहे रे इथे! एसी कुठे आहे?”

“एसी नाहीच!” इंजिनियर खुशीत आला. “नुसता पंखा. आपली केबिन प्रसिद्ध आहे, ताई. मालकसुद्धा जेवायला इथेच येतात.”

“पत्र्याखाली, आणि एसीशिवाय?”

“पत्र्याला आतून बोर्ड ठोकलेत ना, ते बघ. उष्णता अडवणारे. भिंतींनाही आहेत.”

“कुठून आणलेस?”

“आणायचे कशाला? आपल्या इमारतीच्या गच्चीसाठी आले होते, त्यातलेच उरले...”

बोलता बोलता त्याची जीभ अडखळली. ताईनं छताकडे पाहिलं, चारी भिंतींकडे पाहिलं. बाहेर कामगारांच्या झोपड्यांवरही तेच पिवळे बोर्ड दिसत होते.

“एवढे उरले? मग गच्चीवर काय घातलंस?”

वाचकहो, इथे या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. तिला म्हणतात ‘दाखवायचा कोपरा’. तपासणीला येणारे साहेब जिना चढून दमतात आणि जिन्याजवळच गच्ची उकरून बघतात. म्हणून तेवढा कोपरा बोर्ड घालून शास्त्रशुद्ध करायचा आणि पुढची सारी गच्ची रामभरोसे! आमच्या इंजिनियरला हे माहीत होतं. त्याला वाटायचं, बोर्डांचा थर असला काय नि नसला काय, वर फरशीच तर दिसते. रोज त्या थराच्या गारव्यात बसून तो डबा खायचा, आणि तरी असं वाटायचं!

“डॉक्टर काय म्हणाले ऐक,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत घृणा होती. “जखम हाडाकडे चाललीय. त्या खोलीत राहिले तर अण्णा जातील. मी त्यांना आत्ताच माझ्या घरी नेतेय, तळमजला आहे माझा. आणि तू माझ्याबरोबर गच्चीवर चल. काय पुरलंयस, ते मला बघायचंय.”

अण्णांना ताईच्या घरी हलवलं आणि भाऊ-बहीण एका मजुराला घेऊन त्या इमारतीच्या गच्चीवर आली. अण्णांच्या खोलीच्या बरोबर वरची फरशी मजुरानं उचकटली. पहार आत घुसली तशी अशी दुर्गंधी सुटली की मजूरच मागे सरला. खाली काय होतं? सिमेंटच्या कुजलेल्या गोण्या, फुटक्या फरश्या, तंबाखूच्या पुड्या, खरकट्यानं बुरसटलेल्या पिशव्या, एक सडका बूट. पातळी भरून काढायला साईटवरचा सगळा उकिरडा तिथे लोटला होता. पाणी मुरून त्याचा काळा, बुळबुळीत चिखल झाला होता. अरेरे! याच घाणीखाली जन्मदात्याला निजवलं होतं!

इंजिनियरनं नाकाला रुमाल लावला. तो कठड्याला धरून उभा राहिला.

“मुकादमानं भरलं असेल,” तो पुटपुटला.

“मुकादमाला बोर्ड बसवता येतात?”

“नाही. आमच्यात कोणालाच नीट येत नाहीत. सांधे कसे जुळवायचे, पाणी कसं अडवायचं... कॉलेजात एक धडा होता, मी तो ऑप्शनला टाकला होता.”

“ऑप्शनला! अरे, आमच्याकडे साधी सुई टोचायलाही शिकलेला माणूस लागतो. का माहितीय? आम्ही फार पुण्यवान म्हणून नाही. रुग्णाचे नातेवाईक दारातच विचारतात, सिस्टर, तुम्ही शिकलेल्या आहात ना? म्हणून इस्पितळाला शिकलेली माणसं ठेवावी लागतात. तुमच्याकडे कोणी विचारतं का असं?”

“गिऱ्हाईक नळ बघतं, टाइल्स बघतं. वरचा थर कोण घालणार, हे आजवर एकानंही विचारलं नाही.”

“मग तुम्ही शिकाल कशाला? ज्याची मागणी नाही, ते दुकानदार ठेवत नाही. तुम्हाला शिकलेली माणसं नकोत आणि लोकांना प्रश्न विचारायला नको. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!”

त्या काळ्या चिखलावर माशा घोंघावत होत्या. इंजिनियरला स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तो मालकाकडे गेला. गच्ची उकरून नीट करू, नव्या इमारतीसाठी शिकलेले कारागीर आणू, आपल्या माणसांनाही शिकवू, असं म्हणाला. मालक खो खो हसला. “गिऱ्हाईक मागतंय का? नाही ना? मग तुला कशाला नसती उठाठेव?”

त्या रविवारी नव्या इमारतीचा नमुना फ्लॅट बघायला लोक जमले होते. कोणी नळ सोडून बघत होतं, कोणी टाइल्सवर टिचक्या मारत होतं. मालक दाराशी हसतमुख उभा. इंजिनियर पुढे झाला. नोकरी जाईल, हे त्याला दिसत होतं.

“मंडळी, नळ काय सोडताय?” तो मोठ्यानं म्हणाला. “विचारा की, गच्चीखालचा थर कोण घालणार? भिंतींच्या, खिडक्यांच्या फटी कोण बंद करणार? ही कामं तो कुठे शिकलाय? माझे वडील मी बांधलेल्या छताखाली कुजत होते हो! तुमचे कुजू देऊ नका!”

मालकाचा चेहरा उतरला. मग घाबरत घाबरत एकानं विचारलं, “काय हो मालक, कोण घालणार?” दुसऱ्यानं विचारलं. पाहता पाहता गलका झाला. शिकलेल्या माणसाचं नाव कळल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही, असं म्हणून लोक निघूनही जाऊ लागले. मालक सगळ्यांच्या मागे धावत होता, “आणतो, शिकलेलीच माणसं आणतो! जुन्या गच्च्याही उकरून नीट करून देतो!”

इंजिनियर जरा सुखावला. तेवढ्यात चष्मा लावलेल्या एक बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “पण या कामावर देखरेख तुमचीच असणार ना? मग तुम्ही हो कुठे शिकलात?”

कारणं पुष्कळ होती, पण आज त्यानं एकही पुढे केलं नाही.

“नाही शिकलो, बाई,” तो म्हणाला. “उद्यापासून शिकायला जातो.”

“मग शिकून आलात की मी फ्लॅट घेईन,” असं म्हणून बाई चालू लागल्या.

तो खरंच शिकायला गेला, मुकादमाला घेऊन गेला. वाचकहो, ताईचे कान उपटणारे शब्द, चिखलाची ती दुर्गंधी, यांनी त्याची मान खाली गेली, हे खरं. पण त्याला वर्गात नेऊन बसवलं ते एका गिऱ्हाइकाच्या प्रश्नानं! आपण चकाकीवर भाळतो आणि भिंतीच्या आत काय आहे ते विचारायला लाजतो. म्हणून बांधणारे शिकत नाहीत, आपली माणसं भट्टीत भाजतात आणि वीज वाया जाते. घर बांधणाऱ्याला विचारा, ‘तू हे कुठे शिकलास?’ आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.