पडद्याखाली राहिलेला अर्ज

हे तुम्ही केलंत. मशिनीने नव्हे, विजेने नव्हे. मुख्य कचेरीत पंख्याखाली बसून तुम्ही परिपत्रक काढलंत: पेडण्यात व्होल्टेज पडतं, म्हणून आधी संगणक सुरू करावा, त्याचा पडदा पाच मिनिटांनी. सही तुमची, भोगणारी चंद्रावती.

मोपाच्या पठाराखालच्या गावात विनोदिनी रोजंदारीवर वाचनालयाचा संगणक सांभाळायची. परिपत्रक आलं त्या दिवसापासून अक्षरं भोपळ्याएवढी झाली आणि पानाचा खालचा भाग दिसेनासा झाला. मशीन म्हणे पडद्याचं माप आपणच ओळखतं, ओळखता आलं नाही की सगळ्यात लहान धरतं. विनोदिनीला शिकवायला कोण आलं होतं? तिने पडद्याच्या पाठीवरचे आकडे वहीत उतरवले, पुस्तकात बघत बघत फाईल लिहिली: माप १०२४ बाय ७६८, ओळखायला जाऊ नकोस. दोन महिने चित्र पुरं दिसलं.

मग तुमचा इंजिनीअर आला. फाईल पुसली, सगळं परत ऑटोमॅटिक केलं, पासवर्ड बदलला आणि भिंतीवर कागद डकवून गेला: सेटिंगला हात लावू नये.

त्यानंतरच्या सोमवारी चंद्रावती आली. अंगणवाडी मदतनिसाची जागा, अर्ज फक्त संगणकावरून, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. पुढल्या महिन्यात तिचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं. सगळं भरून झालं. शेवटी चित्रातली अक्षरं वाचून लिहायची, आणि ते चित्र पडद्याच्या खाली. पान काही केल्या वर सरकेना.

"गे विनोदिनी, खंय गेलां तां चित्र?"

"हंयच आसा. तुका नि माका तेवढां दाखवूचां नाय."

विनोदिनीने कचेरीत फोन लावला.

"बाये, तां ऑटोमॅटिक आसा. माप आपोआप घेतां," पलीकडचा म्हणाला.

"चुकीचां पण आपोआपच घेतां, सायबा. पासवर्ड द्या."

"पासवर्ड इंजिनिअराकडे. तो वाळपईक गेलो."

"मगे चंद्रावतीन पण वाळपईक जावचां?"

पलीकडून फोन आपटला गेला. वर सव्वाचारला लाईट गेली. बॅटरी कधीच मेलेली. लाईट आली तेव्हा पाचला दहा कमी होते. पाच मिनिटं थांबतंय कोण? विनोदिनीने संगणकाचं आणि पडद्याचं, दोन्ही बटणं एकदम दाबली.

पडदा उजळला तो पुरा. अक्षरं बारीक, रेखीव. अर्जाचं पान उघडलं तर तळाशी ते चित्र स्वच्छ. आत्ता तिच्या ध्यानात आलं. इतके महिने मशीन सुरू होतानाच पडद्याला माप विचारत होतं आणि पडदा तुमच्या हुकुमाने झोपलेला असायचा.

अर्ज पहिल्यापासून भरावा लागला. पाठवला तेव्हा पाच वाजून चार मिनिटं. मुदत संपली, असं उत्तर आलं.

चंद्रावतीने पदर नीट केला. "चार मिनिटांत म्हातारी झालंय गे मी," म्हणाली आणि चपला शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी विनोदिनी परिपत्रक घेऊन कचेरीत आली. कारकून म्हणाला, लेखी द्या, आवक करून ठेवतो. ती त्याला ओलांडून थेट तुमच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तुम्ही फाईलीतून मान वर केली नाहीत.

"मी आवक करूक येवक नाय," ती म्हणाली. "सही करच्याआधी पडदो बंद ठेवन मशीन एकदा तरी चालू करून बघितलात? व्हय की नाय, तेवढां सांगा. सांगल्याशिवाय मी हंयसून हलाची नाय."